खरवडलेल्या चेहऱ्याचं नाणं

संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. मी पॅथॉलॉजिस्ट होते. दुसऱ्या डॉक्टरांना जे साधं वाटतं ते काचेच्या पट्टीवर घ्यायचं, मायक्रोस्कोपखाली सरकवायचं आणि "हे दिसतंय तसं नसणार" असं धरूनच कामाला लागायचं, हे मी पेनसिल्व्हेनियात आणि मग टेक्ससमध्ये मिळून पस्तीसेक वर्षं केलं. रिटायर झाल्यावर पगार थांबला, सवय कुठली थांबतेय! गवत कापणारा माणूस अंगणाचा एक कोपरा सोडून गेला की मला वाटतं, मुद्दाम सोडला. दुकानदार स्वतःहून दोन टोमॅटो जास्त घालायला लागला की मी आधी खालचे टोमॅटो बघते. नवरा म्हणायचा, "तुझ्यासमोर देव जरी उभा राहिला तरी तू त्याचं आयडी मागशील." तो गेला त्याला आता दोन वर्षं होतील. मी लिहिते आहे ते त्याच्या एका नाण्याबद्दल, आणि माझ्या हातून त्याच्या मित्राचं जे झालं त्याबद्दल.

नवरा सिव्हिल इंजिनिअर, पूल बांधणारा. रोमन लोकांचं वेड त्याला त्यांच्या पुलांमुळे लागलं, आणि पुलांवरून तो त्यांच्या राजांवर घसरला. कोण गादीवर आला, कोणी कोणाला विष घातलं, कोणाच्या अंगरक्षकांनीच त्याला कापून दुसऱ्याला बसवलं, हे आमच्या घरी जेवताना चालायचं. मी म्हणायची, "अरे, आधी भाजी तरी घे, मग मार त्यांना."

नाणी गोळा करायचा नाद नव्हता त्याला. एकच होतं. हिरवट काळं, ब्राँझचं, तळहाताच्या खळग्यात बसेल एवढं. मुलगा शाळेत असताना कुठल्याशा प्रदर्शनातून तो ते घेऊन आला. नाण्यावर दोन चेहरे, एकमेकांकडे तोंड करून. डावा शाबूत, कुरळ्या केसांचा, जाड मानेचा. उजव्याच्या जागी नुसते ओरखडे. कोणीतरी खरवडून काढलेला.

डॅलसजवळच्या आमच्या फ्रिस्कोतल्या रविवारच्या मराठी शाळेत तो दर वर्षी या नाण्याची गोष्ट सांगायचा. मी मागच्या बाकावर बसून इतक्या वेळा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. बाप मेला. जाताना दोन्ही मुलांना सांगून गेला, भांडू नका रे बाबांनो. दोघं मिळून राजे झाले. आणि पहिलं काम काय केलं, तर महालाची वाटणी करून मधली दारं बुजवून टाकली. एकमेकांच्या स्वयंपाक्याच्या हातचं खायचे नाहीत, न जाणो काय घातलं असेल! वर्ष पुरतं झालं नाही तोवर थोरल्याने समेट करू म्हणून धाकट्याला आईच्या दालनात बोलावलं आणि आईच्या कुशीतच त्याला मारवलं. लगेच हुकूम निघाला की धाकटा राजा कधी नव्हताच. पुतळे फोडा, दगडावरचं नाव खोडा, चित्रातला चेहरा पुसा. आणि मग नवरा नाणं वर धरून विचारायचा, "आता मला सांगा, हे खरवडलं कोणी?"

पोरं ओरडायची, "द किंग!"

"छे! राजा थोडाच गावोगाव छिन्नी घेऊन फिरतो? हे केलं कुठल्यातरी भाजीवाल्याने. शेजारी आपली चुगली करेल या भीतीने. शेजाऱ्यानेही केलं, हा आपली चुगली करेल म्हणून." एवढं बोलून तो नाणं पोरांच्या हातात द्यायचा. ते एकेका हातातून फिरायचं. आमचा संसार सगळा सरळसोट, त्यात हे वीस मिनिटांचं भाषण ही त्याची वर्षाची ऐट होती. शाळेतून बाहेर पडलेली मुलं मोठी होऊन लग्नात भेटली तरी विचारायची, "काका, नाणं आहे का अजून?" त्याचं तोंड कसं फुलायचं!

आता मित्राबद्दल. मी त्यांना भाऊजी म्हणते. हे दोघं पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी शिकताना एका अपार्टमेंटमध्ये चार जणांत राहायचे, एका कुकरवर. भाऊजी मेटलर्जीवाले. सगळी नोकरी ओतकामाच्या कारखान्यात झाली, वितळलेला धातू साच्यात ओतून यंत्रांचे भाग काढण्यात. मूलबाळ नाही. बायको गेल्यावर ते आमच्यामुळे डॅलसहून फ्रिस्कोला राहायला आले आणि दर शनिवारी सकाळी आमच्याकडे यायला लागले. नवरा गेल्यावरही यायचे. नळ गळत असेल तर बघायचे, नसेल गळत तर कॉफी पिऊन उठायचे. दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये आमच्या ज्येष्ठ मंडळींचा कट्टा भरतो, तिथे मला गाडीतून न्यायचे. बोलणं फार नाही. मला ते बरं वाटायचं.

नवरा गेल्यानंतरच्या वर्षी मराठी शाळेने विचारलं, गोष्ट कोण सांगणार? भाऊजी म्हणाले, मी सांगतो. मी कपाटातून डबी काढून दिली. भाषण झालं, दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी परत आणली. "तपासून घ्या हं वहिनी," म्हणाले आणि हसले. मी डबी तशीच कपाटात ठेवली. मी! जन्मभर दुसऱ्याचं तपासलेलं पुन्हा तपासणारी मी, उघडून बघितलं नाही.

महिन्याभराने नवऱ्याचा वाढदिवस होता. त्या सकाळी मी देवातली भांडी घासायला काढली होती. ताम्हण, पळी-पंचपात्र, समई. चिंच भिजत घातलेली, मीठ शेजारी. मनात आलं, फोटोसमोर आज नाणं ठेवावं. ठेवलं तर किती कळकट दिसलं ते! जुन्या नाण्यांचा नाद असलेला माणूस माझं पुढचं ऐकून छाती धरून बसेल. पण जुनं नाणं घासायचं नसतं हे मला काय ठाऊक? आमच्याकडे तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावतात. माझ्या आईने लावलं, मी लावलं. ताम्हणाच्या मागोमाग मी नाणं घेतलं आणि अंगठ्याने चोळलं.

हिरवा रंग ओघळला. अक्षरशः ओघळला, होळीच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत ओघळतो तसा. पाच मिनिटांत माझ्या हातात पिवळंधमक, नव्या नळासारखं चकचकीत काहीतरी होतं. कडेने बारीक उंचवट्याची एक रेघ गेलेली, सबंध गोल.

अठराशे वर्षांचा मळ पाच मिनिटांत सुटतो? ताम्हणावरचा दोन महिन्यांचा सुटत नाही! हे आमचं नाणं नव्हतं. आणि नवरा गेल्यावर आमचं नाणं या घराबाहेर एकाच माणसाकडे गेलं होतं.

मग डोकं कसं चालतं बघा. सिंकपाशी उभी राहून मी एकेक पुरावा मांडला. नक्कल ओतायची कला कोणाच्या हातात आहे? भाऊजींच्या. "वहिनी, या नाण्याचं पुढे काय करणार?" असं दोनदा कोणी विचारलं? भाऊजींनी. मी एकदा म्हटलं होतं की म्युझियमला दाखवू या, तेव्हा "उगाच कशाला, अशा वस्तू हरवतात," असं घाईघाईने कोण म्हणालं? आणि "तपासून घ्या हं" म्हणून हसले, ते का हसले? मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, आर यू शुअर?" मी म्हटलं, "अंदाज नाही हा, बायोप्सी आहे."

तशीच गाडी काढून त्यांच्या घरी गेले. दार उघडल्याबरोबर नाणं पुढे केलं. "भाऊजी, हे नाणं आमचं नाही."

त्यांनी ते हातात घेतलं. उलटं केलं. कडेच्या रेघेवरून अंगठा फिरवला. "चिंच लावलीत?"

"विषय बदलू नका. आमचं कुठे आहे?"

"वहिनी, आत तर या. कॉफी टाकतो."

"मला कॉफी नकोय, नाणं हवंय!"

काहीतरी ओठावर येतंय आणि ते परत गिळताहेत असं दिसत होतं. हे मी हॉस्पिटलात पाहिलेलं आहे. चूक लपवणारी माणसं असंच करतात. शेवटी म्हणाले, "माझ्याकडून हरवलं असं समजा."

"समजा म्हणजे? आणि हे कुठून आलं मग?"

"समजा हो. माझी चूक झाली." आणि नाणं माझ्या हातात परत ठेवलं.

झालं! कबुलीच ती. घरी आले आणि कट्ट्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला. नाव घातलं नाही. "ज्यांना घरचं मानलं त्यांनीच माझ्या दिवंगत नवऱ्याची आठवण बदलून खोटी वस्तू हाती दिली. सर्वांनी आपापलं सांभाळा." नाव घालायची गरजच काय? नाणं कोणाकडे गेलं होतं ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी मी दुसऱ्यांच्या गाडीतून कट्ट्यावर गेले. भाऊजी आले. ते ज्या खुर्चीवर बसले तिच्या शेजारच्या बाईंनी खाली ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. त्यांनी ते बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्यानंतर ते यायचे बंद झाले. सहलीच्या यादीतून, दिवाळीच्या कामांच्या यादीतून त्यांचं नाव कोणी काढलं ते कळलं नाही, पण निघालं. मी काही कोणाला सांगितलं नव्हतं.

तरी माझं समाधान होईना. मला कागद हवा होता. नाणं खोटं आहे असा जाणकाराचा लेखी शेरा घ्यायचा आणि खरं परत करा म्हणून त्यांच्यासमोर टाकायचा. डॅलसमध्ये एका हॉटेलात जुन्या नाण्यांचा बाजार भरला होता तिथे गेले. एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाने डोळ्याला भिंग लावलं आणि दोन क्षणांत खाली ठेवलं. म्हणाला, ओतीव आहे. खरी नाणी ठोकून पाडलेली असतात. हे साच्यातलं, ही कडेची रेघ साच्याच्या जोडाची. वर रंग दिलेला होता, तो तुम्ही धुतलात. अशी टुरिस्टांना खूप विकतात.

"आय न्यू इट!" मी टेबलावर हात आपटला.

मग तो म्हणाला, आणखी एक गंमत बघा. छिन्नीचा घाव धारदार असतो. हे ओरखडे कडेला गुळगुळीत आहेत, बोथट. म्हणजे खरवडलेला चेहराही साच्यातूनच आलाय. या नाण्यावर कधी कोणी छिन्नी चालवलेली नाही. त्याने आपल्या कार्डाच्या मागे दोन ओळी लिहून दिल्या. मी ते कार्ड पर्समध्ये घालून घरी आले, आणि वाटेत रेडिओसुद्धा लावला.

आता राहिलं होतं एकच: खऱ्या नाण्याचा फोटो शोधायचा, म्हणजे फरक दाखवता येईल. नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्याने शाळेसाठी केलेल्या स्लाइड्स होत्या. नाण्याचा सबंध पडदाभर फोटो, जरा तिरपा, कडही दिसेल असा. मी शेजारी नाणं ठेवलं, हातात भिंग घेतलं आणि जन्मभर केलं तेच केलं: इकडे बघायचं, तिकडे बघायचं. थोरल्याच्या कानाखाली पिनच्या टोकाएवढा एक खड्डा होता. नाण्यावर होता. फोटोतही होता, त्याच जागी, तसाच डावीकडे कललेला. मला वाटलं, नक्कल करताना तोही उचलला असेल. म्हणून ओरखडे मोजले. कडेकडे बघितलं. फोटोत हिरव्या रंगाखाली ती रेघ होती, आधी कोणी सांगितलं नसतं तर दिसली नसती. एका ठिकाणी तिला बारीक तुटका दात होता. हातातल्या नाण्यालाही होता. मग जुना फोटो काढला, मुलगा शाळेत असतानाचा, नवरा नाणं तळहातावर घेऊन हसतोय तो. मोठा करून बघितला. कानाखाली खड्डा.

पेशंट एकच होता, नाणं हेच होतं. पहिल्या दिवसापासून.

सिंकपाशी मांडलेले पुरावे एकेक करून उलटे व्हायला लागले. ज्या माणसाने आयुष्यभर ओतकाम केलं, त्याला साच्याची रेघ हाताला लागताच कळणार नाही? म्हणून म्युझियमला दाखवू नका. म्हणून पुढे काय करणार. अगंबाई, हे मी काय केलं! मी त्यांना विचारत होते खरं नाणं कुठे आहे, आणि त्या माणसाला सुटायला एक वाक्य पुरेसं होतं. "तुमच्या नवऱ्याला फसवलं होतं कोणीतरी, वहिनी." एवढंच. ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात गेले. कार्ड आणि फोटो दोन्ही टेबलावर ठेवले. "तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी कॉफी टाकली. या वेळी मी घेतली. म्हणाले, "तो नाणं घेऊन धावत माझ्याकडे आला होता. बघ यार, बघ, धाकट्याला कसा खरवडलाय. मी हातात घेतलं आणि कळलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि जीभ उचलली नाही. म्हटलं उद्या सांगू. उद्या त्याने तुम्हाला दाखवलं. परवा मुलाला. पुढच्या महिन्यात शाळेत. मग कधी सांगणार, सांगा."

"त्याला कधीच कळलं नाही?"

"मी विचारलं नाही."

मी रडले. माफी मागितली, पायाच पडणार होते, त्यांनी धरलं. मी म्हटलं, शनिवारी कट्ट्यावर सगळ्यांना खरं सांगते.

"नाही." एकदम मोठ्याने म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तुमची गैरसमजूत झाली म्हणा हवं तर. नाण्याचं काही बोलायचं नाही. मला चोर म्हणू देत, माझ्यामागे रडायला कोण आहे? त्याच्या गोष्टीवर पोरं वाढलीत इथली."

"बरं, माफीच मागते फक्त," मी कबूल केलं. आणि मनापासून कबूल केलं होतं.

शनिवारी ते माझ्या आग्रहाखातर आले. मागच्या रांगेत बसले. मी पुढे उभी राहून म्हटलं, भाऊजींवर मी घेतलेला आळ खोटा होता, चूक सगळी माझी, मी त्यांची आणि तुम्हा सगळ्यांची माफी मागते. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात पर्स उचलून घेतलेल्या त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे खरं नाणं मिळालं का वहिनी? कुठे होतं?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. चाळीस माणसं भाऊजींकडे बघायला लागली, आणि प्रत्येकाच्या तोंडावर मला माझाच चेहरा दिसला: ठेवलं असेल गुपचूप परत, वहिनींचं मन मोठं. ते मान खाली घालून बसले होते. माझ्याने राहवेना. "खरं नाणं नव्हतंच!" मी म्हटलं. "ते पहिल्यापासून खोटं होतं. माझ्या नवऱ्याला ते कधी कळलं नाही. यांना माहीत होतं आणि यांनी मैत्रीखातर आजवर तोंड उघडलं नाही." कार्डसुद्धा वाचून दाखवलं.

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे इतकी वर्षं काकांनी आमच्या पोरांना टुरिस्टांचं खेळणं दाखवलं की!" आणि हसू फुटलं. वाईट मनाने नाही, आपल्या माणसाला हसतात तसंच. "भाजीवाल्याची छिन्नी!" दुसरा म्हणाला, अगदी माझ्या नवऱ्याच्या आवाजात, आणि हॉल पुन्हा हसला. लोक भाऊजींकडे वळून त्यांच्या पाठीवर थाप मारायला लागले. त्यांनी टोपी उचलली आणि ते बाहेर पडले.

मी मागे धावले. पार्किंग लॉटमध्ये त्यांना गाठलं. "भाऊजी, मला तुमच्यावरचा डाग काढायचा होता हो! बघवत नव्हतं मला."

त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला बघवत नव्हतं, बरोबर. तुम्ही मला चोर म्हणालात ना वहिनी, ते मी त्याच दिवशी सोडून दिलं होतं. हे आजचं सोडून देणं मला जमणार नाही."

गाडी वळून रस्त्याला लागली. मी तिथेच उभी राहिले. आत लोक अजून हसत होते.